एनएनसी ५५-०३९६: टी-टाइप कॅल्शियम चॅनलचा ब्लॉकर, निवडक पण चिकट

टी-टाइप चॅनल म्हणजे पेशीच्या पडद्यातली, कमी व्होल्टेजलाच उघडून कॅल्शियम आत सोडणारी छिद्रं. ती बंद करणारा (ब्लॉकर) एनएनसी ५५-०३९६ हा रेणू मायबेफ्राडिलवरून बनवलेला आहे. मायबेफ्राडिल हे रोशचं रक्तदाबाचं औषध १९९७ मध्ये बाजारात आलं आणि इतर औषधांशी होणाऱ्या धोकादायक आंतरक्रियांमुळे १९९८ मध्ये मागे घेतलं गेलं. प्रयोगशाळेत त्याची अडचण निराळी होती: त्याचं मेथॉक्सिअ‍ॅसिटेटचं टोक पेशीत तुटतं आणि उरलेला रेणू एल-टाइप (जास्त व्होल्टेजला उघडणारे) चॅनलही बंद करतो. एनएनसी ५५-०३९६ मध्ये त्या जागी सायक्लोप्रोपेनकार्बॉक्सिलेट आहे, ते तसं तुटत नाही.

पावडर डायहायड्रोक्लोराइडच्या रूपात येते आणि पाण्यात सहज विरघळते. डीएमएसओ (पाण्यात न विरघळणाऱ्या औषधांसाठीचा द्रावक) लागत नाही, ही मोठी सोय. १० मिलिग्रॅमला १.७७ मिलिलिटर पाणी घातलं की १० मिलिमोलरचा स्टॉक (नंतर पातळ करून वापरायचं तीव्र द्रावण) तयार. मात्र हिशेब ५६४.६ या रेणुभाराने करा. ४९१.७ हा नुसत्या बेसचा आकडा आहे. तो धरला तर स्टॉक प्रत्यक्षात ८.७ मिलिमोलरच भरतो आणि डोस-रिस्पॉन्स आलेख (मात्रेनुसार परिणाम दाखवणारा) उगाच उजवीकडे सरकतो. छोटे अ‍ॅलिकॉट (एकावेळी लागतील एवढे भाग) करून उणे २० अंशांवर ठेवा.

एचईके २९३ या प्रयोगशाळेतल्या पेशींतल्या सीएव्ही ३.१ वर (टी-टाइपचे उपप्रकार ३.१, ३.२ आणि ३.३) आयसी-५०, म्हणजे करंट निम्मा करणारी मात्रा, सुमारे ७ मायक्रोमोलर येतो. आयएनएस-१ या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींत १०० मायक्रोमोलरलाही हाय-व्होल्टेज (एल-टाइपसारख्या चॅनलचा) करंट हलला नाही. म्हणजे निवडकपणा उत्तम, ताकद बेताची.

खरी डोकेदुखी वॉशआउटची, म्हणजे औषध धुऊन काढण्याची. बाहेरून कितीही धुतलं तरी करंट परत येत नाही. गंमत म्हणजे करंट मोजणाऱ्या काचेच्या पिपेटमधून पेशीच्या आत सोडलं तर ब्लॉकही होत नाही. त्यामुळे ‘आधी, औषध, नंतर’ अशी नेहमीची मांडणी इथे चालत नाही. एका कव्हरस्लिपवर (पेशी वाढवलेली पातळ काच) एकच पेशी नोंदवायची, मग चेंबर आणि नळ्या साफ करूनच पुढची. त्यात टी-करंट मुळातच हळूहळू ओसरतो. हा रनडाउन (आपोआप ओसरणं) की ब्लॉक, हे धुऊन तपासता येत नाही. म्हणून तितकाच वेळ नुसतं द्रावण सोडलेल्या पेशींची नोंद हवीच. हायपरपोलराइज केल्यावर (पेशीचं व्होल्टेज आणखी उणे नेल्यावर) ब्लॉक थोडा सुटतो, चॅनल उघडणाऱ्या व्होल्टेजच्या पल्स भराभर दिल्यावर वाढतो. होल्डिंग व्होल्टेज (दोन पल्समध्ये पेशी ज्यावर धरलेली असते ते) आणि पल्समधलं अंतर मध्येच बदललं तर आकडे जुळणार नाहीत.

वेदनेच्या कामात बहुतेकांचं लक्ष डीआरजी न्यूरॉनमधल्या (पाठीच्या कण्याजवळच्या, वेदना वाहून नेणाऱ्या चेतापेशींतल्या) सीएव्ही ३.२ वर असतं, आणि हा ब्लॉकर टी-टाइपच्या उपप्रकारांत नीट भेद करत नाही. सोबत ५० मायक्रोमोलर निकेलची चाचणी लावा, ३.१ आणि ३.३ च्या मानाने ३.२ त्याला बराच जास्त दबतो. पुरावा पक्का हवा असेल तर ३.२ नॉकआउट (ते जनुक काढून टाकलेले) उंदीर.

प्राण्याच्या पंज्यात टोचायचं असेल तर पीएच आधी मोजा. तीव्र द्रावण आम्लधर्मी असतं आणि आम्लानेच उंदीर पंजा चाटू लागतो. व्हेइकलचा (तुलनेसाठी टोचायच्या बिनऔषधी द्रावणाचा) पीएच तितकाच ठेवला नाही तर ते औषधाच्या खात्यावर जातं. उलट अल्कली घालून ७.४ वर आणताना बेस बाहेर पडून द्रावण गढूळ होऊ शकतं. गढूळ झालं की टाकून द्या, गाळून वापरू नका, कारण किती औषध गाळणीत राहिलं ते कळत नाही.

टी-करंट आहे की नाही, एवढं डिशमध्ये ठरवायला हे घ्यावं. वर्तन-चाचण्यांसाठी मात्र नॅनोमोलर ताकदीचं टीटीए-ए२ (दुसरा टी-टाइप ब्लॉकर) बरं, मग डीएमएसओ सोसावं लागलं तरी चालेल.