किल्वा किसिवानीची गाईडेड टूर: अर्ध्या दिवसाची अजिबात घेऊ नका

आम्ही टांझानियात दार एस सलामला राहतो, तिथून किल्वा मासोको दक्षिणेला साधारण 300 किमी आणि समोरच्या बेटावर किल्वा किसिवानी, म्हणजे जुन्या सुलतानी व्यापारी शहराचे अवशेष. जाऊन आल्यापासून इतक्या जणांनी विचारलंय की एकदाच नीट लिहून टाकते.

आधी तक्रार. दारमधल्या एका टूरवाल्याकडून पॅकेज घेतलं, बेट पूर्ण दाखवू म्हणाला, पण गाडी उशिरा आली, होडीत बसेपर्यंत साडेदहा वाजले आणि हुसुनी कुब्वा, म्हणजे सुलतानाचा राजवाडा, तर कार्यक्रमातच नव्हता! अहो, हुसुनी कुब्वा सोडून किल्वा दाखवणं म्हणजे रायगडावर जाऊन राजसदर न बघता खाली उतरणं. शेवटी तिथल्या स्थानिक गाईडकाकांनाच विनंती केली, वरचे पैसे दिले, आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत सगळं फिरवलं. हा रिव्ह्यू खरं तर त्यांच्यासाठी आहे.

काकांनी सुरुवात मशिदीपासून नाही केली, किनाऱ्यावर उभं करून वाऱ्यापासून केली. कास्काझी म्हणजे ईशान्येचा वारा, साधारण डिसेंबर ते मार्च, यावर बसून अरबस्तानातली आणि आपल्याकडची गलबतं खाली यायची, आणि मग कुसी, म्हणजे दक्षिणेकडून येणारा उलटा वारा, एप्रिलनंतर सुरू झाला की त्यावर परत. मधल्या काळात व्यापारी इथेच मुक्काम ठोकायचे, लग्नं करायचे. खंभातचं सुती कापड आणि मणी इथे उतरायचे आणि आजच्या मोझांबिकच्या किनाऱ्यावरच्या सोफालाहून आलेलं सोनं, हस्तिदंत इथून निघायचं. सोनं मुळात आतल्या झिंबाब्वेच्या पठारावरचं, पण सोफालाचा व्यापार किल्व्याच्या हातात होता म्हणून हे एवढंसं बेट श्रीमंत झालं. किल्व्याच्या सुलतानाचं तांब्याचं नाणं तिकडे ग्रेट झिंबाब्वेच्या अवशेषांत सापडलंय, हे त्यांनी सांगितलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

मोठी मशीद प्रवाळाच्या दगडाची, चुन्यात बांधलेली. उत्तरेकडचा भाग जुना, 11व्या-12व्या शतकातला, आणि दक्षिणेचा कमानी-घुमटांचा भाग नंतर वाढवलेला. खांबाजवळ जाऊन बघा, दगडात प्रवाळाची बारीक जाळी अजून स्पष्ट दिसते, समुद्रातून काढून तासलेली.

हुसुनी कुब्वा मात्र वेगळीच गोष्ट. 14व्या शतकातला राजवाडा, शंभरावर खोल्या, अगदी समुद्राच्या कड्यावर, आणि मधोमध अष्टकोनी हौद. हौद आता कोरडा आहे, आम्ही काठावर बसून पाणी प्यायलो आणि काकांनी सुलतान अल हसन इब्न सुलेमानची गोष्ट सांगितली. 1331 मध्ये मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता इथे आला होता, त्यानेच लिहून ठेवलीय. शुक्रवारची नमाज करून सुलतान निघाला तर एका यमनी फकिराने अंगावरचे कपडेच मागितले, याने ते देऊन टाकले. मग राजपुत्राने दहा गुलाम देऊन कपडे परत घेतले, आणि लोक किती कौतुक करतायत हे बघून सुलतानाने आणखी दहा गुलाम आणि दोन ओझी हस्तिदंत दिलं. लोक त्याला अबुल मवाहिब म्हणायचे, म्हणजे दानांचा बाप. काका इथे थांबले आणि म्हणाले, ते वीस जणही कोणाची तरी मुलं होती, त्यांची नावं कुणी लिहिली नाहीत. मला हे फार भिडलं, कारण बाकी गाईड दानशूरपणावरच गोष्ट संपवतात.

परतीच्या वाटेवर चिनी भांड्याचा फिकट हिरवा तुकडा मातीत दिसला, नखाएवढा, झिलई अजून चकचकीत. मी वाकले तर काका लगेच म्हणाले, बघा पण उचलू नका. बरोबरच आहे, प्रत्येकाने एक एक नेला तर काय उरेल.

1505 ला पोर्तुगीज फ्रान्सिस्को द आल्मेदाने हे शहर लुटून किल्ला बांधला, आणि तीनच वर्षांनी त्याचा मुलगा लोरेन्सो चौलच्या लढाईत मारला गेला. माझं माहेर रेवदंड्याजवळचं, चौल तर लहानपणापासून पायाखालचं, पण त्या लढाईतल्या माणसाचा बाप इथे येऊन गेला होता हे मला इथे येऊन कळलं.

आता कामाचं. परवाना मासोकोलाच काढावा लागतो, आधी काढून ठेवा. भरती-ओहोटीची वेळ विचारून निघा, ओहोटीला गुडघाभर पाण्यातून चालावं लागतं, लहान मुलं आणि आजी-आजोबा सोबत असतील तर त्रास होतो. टोपी, पाणी, खाऊ बरोबर घ्या, बेटावर हॉटेलं नाहीत, आणि सावली फक्त आंब्याच्या आणि गोरखचिंचेच्या झाडांखाली. लाइफ जॅकेट आम्ही मागितल्यावरच मिळालं, तुम्ही आधीच मागा.

गाईडकाकांना 5 पैकी 5, पॅकेजला 2. पुढच्या वेळी दारहून काहीच बुक करणार नाही, थेट मासोकोला जाऊन त्यांनाच शोधणार आणि दोन दिवस घेणार, कारण शेजारचं सोंगो म्नारा बेट अजून राहिलंय.