मदुराईतलं आग्रहाचं जेवण

मीनाक्षी मंदिरातून बाहेर पडलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. मंदिर चारपर्यंत बंद, त्यामुळे सगळी गर्दी एकदम रस्त्यावर. आत मोबाइल नेऊ देत नाहीत, ते काउंटरवरून सोडवून घेण्यात आणखी वीस मिनिटं गेली. भोवतालच्या चित्रै वीथीत गाड्यांना मज्जाव. म्हणजे पुढच्या रस्त्यापर्यंत चालणं आलं, आणि सासूबाईंचे गुडघे तर दर्शनाच्या रांगेतच बोलायला लागले होते.

लॉजवाल्याने एक भोजनालय सुचवलं होतं. रिक्षावाल्याला नाव सांगितलं तर म्हणाला, "क्लोज सार. टुडे हॉलिडे." आणि परस्पर दुसरीकडेच नेऊन सोडलं. (ते भोजनालय त्या दिवशी चालू होतं, हे रात्री लॉजवर कळलं.) आम्ही उतरल्यावर तो आमच्याबरोबर आत आला आणि गल्ल्यावरच्या माणसाशी दोन शब्द बोलून गेला. गिऱ्हाईक आणल्याचं त्याचं कमिशन असणार, हे तेव्हाच डोक्यात यायला हवं होतं. पण पोटात कावळे ओरडत असले की डोकं चालत नाही.

दाराबाहेर फळ्यावर लिहिलं होतं, मील्स (म्हणजे पानभर जेवण) १२०. आत मेनूकार्ड नाही, भिंतीवर दर नाहीत. केळीची पानं मांडली गेली, पाणी शिंपडलं, आणि वाढप सुरू झालं. कूटु (डाळ घातलेली भाजी), पोरियल (सुकी भाजी), अप्पळम (पापड), भात, सांबार. मागोमाग एक वाढपी छोट्या भांड्यातून भातावर तूप सोडत गेला. दुसऱ्याने वडा ठेवला. तिसऱ्याने केसरी, म्हणजे आपला शिराच. कुणी विचारलं नाही, आम्हीही नाही.

आता यात आमची चूक कुठे झाली ते सांगते. आपल्याकडे पंगतीत वाढपी आग्रह करतो आणि आपण 'पुरे पुरे' म्हणत घेतो. त्याचे कुणी पैसे लावत नाही. शिवाय तिकडच्या मील्समध्ये भात, सांबार, रसम, ताक परत परत वाढतात आणि ते खरंच त्याच पैशात असतं. मग तूप आणि वडा वेगळा, हे पानावर बघून कळणार कसं? सासूबाई तर खूश. रसमवाला आला तसं त्या म्हणाल्या, "वाढा, वाढा." त्याने ऐकलं वडा, वडा. आणखी दोन वडे पानात! आम्ही सगळे पोट धरून हसलो.

बिल आलं ते वहीच्या आकाराच्या कागदावर, हाताने लिहिलेलं. शब्द तमिळ, आकडे इंग्रजी. मील्सचा दर १२० नव्हे, १८०, कारण म्हणे आम्ही 'स्पेशल' खाल्लं. पाच पानांचे ९००. वडे सात, चाळीसने २८०. तुपाचे १५०. केसरीचे २००. पाण्याच्या दोन बाटल्या ८०. झाले १६१०. त्यावर 'जीएसटी' ८०.५० आणि 'सर्व्हिस' १६१. एकूण १८५२. नवऱ्याने फळ्याकडे बोट दाखवलं तर गल्ल्यावरचा नुसता हसला आणि 'तमिळ, तमिळ' म्हणत राहिला. मागे लोक उभे, मुलं कंटाळलेली. भरले पैसे. क्यूआर स्कॅन केल्यावर मोबाइलवर हॉटेलचं नाव आलंच नाही, कुणा भलत्याच माणसाचं आलं.

माझा दीर सीएच्या ऑफिसात आहे. रात्री त्याला बिलाचा फोटो पाठवला, तर त्याचा पहिला प्रश्न, "वहिनी, यावर जीएसटी नंबर कुठाय?" साध्या रेस्टॉरंटला जीएसटी ५ टक्के, हे बरोबर. पण तो लावायचा तर बिलावर पंधरा अक्षरी नंबर हवा, आणि तमिळनाडूचा असेल तर त्याची सुरुवात ३३ ने होते. तो नंबर जीएसटीच्या साइटवर टाकला की धंदा कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. नोंदणी कंपोझिशन योजनेतली (छोट्या धंद्यांनी उलाढालीवर ठरावीक कर भरायची सोय) आहे का, तेही दिसतं. तशी असेल तर गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेताच येत नाही. नंबरच नाही म्हणजे ते ८०.५० सरळ खिशात. सर्व्हिस चार्जचं तर त्याहून सोपं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ लाच सांगितलंय की तो आपोआप बिलात घालता येत नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरलं. 'हा काढा' म्हणायचा हक्क आपला होता. आम्ही म्हटलंच नाही.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. बिलावर हॉटेलचं नाव काय, विचारलं. बिलावर नावही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी लॉजवाल्याने सुचवलेल्याच भोजनालयात जेवलो. पाटीवर दर, बिल छापील, आणि रसम तर असं की अजून आठवण येते. निघण्यापूर्वी लॉजवरच्या पोऱ्याने दोन शब्द शिकवले होते. 'वेंडाम' म्हणजे नको, 'पोदुम' म्हणजे पुरे. सासूबाईंनी ते इतके मनावर घेतले, की तूपवाला दिसला रे दिसला की पानावर आडवा हात आणि "वेंडाम!" त्या बिचाऱ्याने तूप फुकट आहे हे खुणेने तीनदा सांगितलं, तरी त्यांनी हात काढला नाही.