पितळी बुद्धमूर्ती: गोव्यातला एक आख्खा पावसाळा काढल्यानंतर

थोडक्यात हवं असेल तर एवढंच: मूर्ती चांगली आहे, तिच्यावरचं लॅकर (चमक टिकवायला फवारलेला पारदर्शक लेप) भिकार निघालं, आणि गोव्याच्या पावसापेक्षा आपल्या घासण्याची पितळेला जास्त भीती आहे. आता सविस्तर.

उन्हाळ्याच्या तोंडावर म्हापशात घेतली, भांड्यांच्या दुकानात. फूटभर उंच, वजन पाच किलोच्या आतबाहेर, ओतीव पितळ, आतून पोकळ. दुकानदार ‘मुरादाबादचा माल’ म्हणाला. त्यावर विश्वास ठेवायला हरकत नव्हती, उत्तर प्रदेशातल्या त्या शहराला पितळनगरी उगाच म्हणत नाहीत. घेताना मूर्ती उलटी करून तळ मात्र बघाच. आतली बाजू कुणी पॉलिश करत बसत नाही, त्यामुळे धातूचा खरा रंग तिथे सापडतो. पिवळा असेल तर ठीक. राखाडी, पांढरट दिसला तर वरून नुसता मुलामा आहे. लोहचुंबक सगळेच लावून बघतात, पण त्याने फक्त लोखंड पकडलं जातं. जस्ताचं किंवा ॲल्युमिनियमचं ओतकाम आरामात निसटतं.

दुसरी गोष्ट, हात बघून घ्या. दुकानात बसलेली प्रत्येक मूर्ती ‘ध्यानातला बुद्ध’ म्हणून खपवतात. दोन्ही हात मांडीत, तळवे वर, ही ध्यानमुद्रा. उजवा हात उभा आणि तळवा आपल्याकडे, ती अभय. दोन्ही हात छातीशी, बोटं एकमेकांत गुंफल्यासारखी, ती धर्मचक्रप्रवर्तन, म्हणजे सारनाथचं पहिलं प्रवचन. उजव्या हातात हिरड्याची डहाळी आणि डाव्यात पात्र असेल तर ते भैषज्यगुरू, महायानातले वैद्य बुद्ध. अशीच एक भैषज्यगुरूंची मूर्ती मला ‘भिक्षा मागणारा बुद्ध’ म्हणून दाखवली गेली. आणि पोट सुटलेला, हसरा ‘लाफिंग बुद्धा’ हा गौतम बुद्ध नव्हेच. तो बुदाई, दहाव्या शतकातला एक चिनी भिक्खू.

माझी मूर्ती भूमिस्पर्श मुद्रेतली आहे. डावा हात मांडीत, उजवा गुडघ्यावरून खाली, बोटांची टोकं कमळाच्या पाकळीला जेमतेम टेकलेली. बोधिवृक्षाखाली मार, म्हणजे ध्यान मोडायला आलेला मोहाचा राजा, त्याने विचारलं, या आसनावर बसायचा तुला काय अधिकार, तुझा साक्षीदार कोण? तेव्हा बुद्धांनी हात खाली नेऊन भूमीलाच साक्षीला बोलावलं, तो हा क्षण. त्या वेळी त्यांचं तोंड पूर्वेला होतं असं सांगतात, म्हणून मीही मूर्ती पश्चिमेच्या खिडकीपाशी, पूर्वेकडे तोंड करून ठेवली. आमचं घर शिवोलीला. खिडकीतून येणारा खारा वारा नेमका मूर्तीच्या पाठीवर. त्याचा हिशेब पुढे लागतोच.

लॅकरबद्दल. ‘दहा वर्षं हात लावायला नको’ ही दुकानातली हमी. ती आषाढही टिकली नाही. मानेच्या मागे आणि काखेत, जिथे फवारा नीट पोचत नाही, तिथे लेपाखाली काळ्या तंतूंची जाळी दिसू लागली. ओल फटीतून आत जाते आणि लेपाखालीच बसून राहते. वरून कितीही पुसा, फडकं तिथवर पोचतच नाही. उघड्या पितळेवरचा डाग निदान आपल्या हाताला लागतो. शेवटी खिडकी उघडी टाकून ॲसिटोन आणि कापसाने सगळं लॅकर उतरवलं. निम्मं उतरवून निम्मं ठेवायचा मोह टाळा, हद्दीवर कायमची रेघ राहते. खालून जो रंग निघाला तो दुकानातल्यापेक्षा मंद आणि, माझ्या मते, कितीतरी चांगला.

मूर्ती उघडी पडल्यावर शेजारच्या वयनीचं एकच पालुपद: ‘सोलां घांस गो, कशी चकचकतली पळय!’ (आमसुलं घास गं, बघ कशी चकचकेल!) समईला, तांब्याला आपण पिढ्यान् पिढ्या सोलं, चिंच, आंबट बिंबलं लावत आलोय, आणि ती काम करतात यात शंका नाही. आंबटातलं आम्ल वरचा काळा थर विरघळवतं आणि खालचा ताजा धातू उघडा करतं. पण पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आम्ल जास्त वेळ राहिलं की जस्त आधी निघून जातं, तांबं मागे राहतं, आणि पिवळ्या अंगावर गुलाबी लाली येते. मी बैठकीच्या मागच्या पाकळीवर लावून पाहिलं. धुऊन पुसल्यावर ती पाकळी लखलखीत होती, कडेला किंचित तांबूस. आठवड्याभरात तीच पाकळी बाकीच्या मूर्तीपेक्षा काळपट झाली, कारण ताज्या धातूला हवा लवकर धरते. वयनीला दाखवलं. ती म्हणाली, मग परत घास.

नेमकं तिथेच माझं आणि तिचं जमत नाही. समई घासून झिजली तरी ती समईच राहते. मूर्तीत बुद्ध ओळखायच्या खुणा ज्या आहेत, त्या सगळ्या उंचवट्यावर आहेत: भुवयांमधली मोहरीएवढी ऊर्णा (टिकलीसारखा उंचवटा), डोक्यावरचे उजवीकडे वळलेले बारीक कुरळे केस, चीवराची, म्हणजे भिक्खूच्या वस्त्राची, डाव्या खांद्यावरची पातळ कड, भूमीला टेकलेली बोटं. पावडरीचा कण आणि आपला अंगठा आधी तिथेच पोचतो. खोबणी तशाच काळ्या राहतात आणि उंचवटे सपाट होत जातात. भाविक घरांतल्या जुन्या टाकांचे चेहरे असेच गुळगुळीत झालेले आपण पाहिलेत. लांबलेल्या कानाच्या पाळ्या तेवढ्या शेवटपर्यंत टिकतील, त्या जाड असतात. राजपुत्र असताना घातलेल्या जड कुंडलांची ती खूण, कुंडलं टाकून दिल्यावरही राहिलेली.

काळसर तांबूस थर चढतो त्याला म्हणून हात लावू नका. तो एकसारखा, कोरडा आणि घट्ट असेल तर खालच्या धातूला सांभाळतोच. हिरवा मात्र वेगळा. हिरवी भुकटी किंवा हिरवा चिकट कळंक दिसला की लगेच काढायचा. समईच्या तेलाच्या वाटीत जो हिरवा चिकट थर जमतो ना, तो तेलातल्या आम्लांनी तांबं खाऊन तयार झालेला असतो. त्यामुळे ‘खोबरेल तेलाचा हात फिरवा’ हा सल्ला मी बाद केला. वर धूळ चिकटते ती वेगळीच. माझ्याकडे हिरवे ठिपके पाठीवर आले, म्हणजे खाऱ्या वाऱ्याच्या बाजूला, चेहऱ्यावर एकही नाही. मिठाचा अंश आणि ओल एकत्र आली की हे होणारच. घामेजल्या हाताचे ठसेही तसेच उमटतात, म्हणून मूर्ती उचलायची तर फडक्याने आणि बुडापासून.

अमोनिया असलेलं पॉलिश तर घरात आणूच नका. ब्रिटिश काळात हिंदुस्थानातल्या फौजेच्या पितळी काडतुसांना पावसाळ्यात आपोआप तडे जायचे. ती साठवलेली असायची घोड्यांच्या पागांजवळ, आणि मुताचा अमोनिया ओलाव्याबरोबर ताणलेल्या पितळेत शिरायचा. १९२१ मध्ये हे कारण पक्कं झालं. ओतीव मूर्तीत तसा ताण कमी असतो हे खरं, पण ठोकून केलेल्या पत्र्याच्या मूर्तीही बाजारात आहेत.

सध्या मी करते ते इतकंच: कोरड्या मऊ ब्रशने केसांतली, पाकळ्यांतली धूळ झाडणं. पावसात रोज एकदा सुती फडक्याने पाठ पुसणं. हिरवं दिसलं तर रिठ्याचं पाणी, दात घासायचा जुना मऊ ब्रश, मग स्वच्छ पाण्याने धुऊन हेअर ड्रायरने कोरडं करणं, विशेषतः आतली पोकळी, कारण पाणी तिथेच दडून बसतं. पूर्ण सुकल्यावर मधमाशांच्या मेणाचा अगदी पातळ हात, आणि तो पुसून काढायचा. मेण उतरलं तर पुन्हा लावता येतं, लॅकरला ती सोय नाही.

आमच्याकडे मूर्तीला अभिषेक नाही, नैवेद्य नाही, हळदकुंकू नाही, त्यामुळे दूध-दही केसांत अडकायचा प्रश्नच येत नाही. वंदनेला मेणबत्ती, अगरबत्ती, फुलं असतात. फुलं कोमेजायचीच असतात, तोच त्यांचा अर्थ. पण ती मांडीत न ठेवता समोरच्या ताटलीत ठेवते, कारण झेंडूच्या देठातलं पाणी रात्रभरात डाग पाडतं.

किनारपट्टीच्या दुकानांत नुसती बुद्धाची डोकी मिळतात, बागेत, बारमध्ये ठेवायला. भेट म्हणून एक आलं होतं, मी परत केलं. दगडी मूर्तींची मुंडकी तोडून विकण्याच्या धंद्यातून ही टूम आली, आणि पितळेत नव्याने ओतलं म्हणून तिचं मूळ पुसलं जात नाही. बुद्ध गोव्याला परके असते तर एक वेळ समजून घेतलं असतं. आमच्यापासून जवळच, कोलवाळच्या मुशीरला, इतिहास संशोधक फादर हेरास यांना १९३० मध्ये बुद्धमूर्ती सापडली; ती आता मुंबईत, सेंट झेवियर्स कॉलेजातल्या त्यांच्या संग्रहालयात आहे. आणि पालीचे पंडित धर्मानंद कोसंबी सांखवाळचेच. मराठी मासिकातलं बुद्धचरित्र वाचून हा माणूस घर सोडून निघाला होता. दुकानदारांना यातलं काही सांगितलं की ते डोक्याची किंमत कमी करून देतात.

घ्यावी का? समुद्राजवळ राहत असाल तर घ्या, पण लॅकर न मारलेली मागून घ्या. बहुतेक दुकानदार चेहरा वाकडा करतात, पण मागच्या खोलीत तसा माल असतो. कोरीवकाम ठसठशीत बघा आणि बोटांची टोकं पाकळीत वितळून गेलेली नाहीत ना, तेवढं नखाने चाचपून बघा. लख्ख सोनेरीच हवी असेल तर पितळेच्या नादी लागू नका, मुलामा दिलेली घ्या आणि काचेत ठेवा.