आखडलेला घोटा आणि मॅन्युअल फिजिओ, सहा सेशनचा अनुभव

फुटबॉल खेळणाऱ्यात घोटा कधीच मुरगळला नाही असा कोणी असेल तर हात वर करा. माझा उजवा दोन सीझनमध्ये तीनदा आत वळला, दरवेळी बर्फ, क्रेप बँडेज, आठ-दहा दिवस लंगडणं आणि परत ग्राउंडवर. दुखणं जायचं पण घोटा आखडत चाललाय हे कळलंच नाही, स्क्वॅटला खाली गेलो की उजवी टाच उचलायची तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

आधी एका ठिकाणी मशीनच्या वायरी लावून वीस मिनिटं झोपवायचे, घरी पोचेपर्यंत बरं वाटायचं. म्हणून यावेळी फार अपेक्षा नव्हती खरं तर.

इथे फिजिओ मॅडमनी आधी भिंतीसमोर उभं केलं. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा आणि पायाचा अंगठा भिंतीपासून किती लांब ठेवता येतो ते टेपने मोजायचं. डावा 11 सेंमी, उजवा 6! मग विचारलं, ताण कुठे येतो, मागे पोटरीत की पुढे घोट्यात चिमटल्यासारखं? मला पुढे. हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं आणि खरी गोम तिथेच होती. नडगी पायावर पुढे झुकते तेव्हा घोट्यातलं टॅलस हाड जरा मागे सरकायला लागतं, तेच अडकलं असेल तर पोटरी किती ताणा, काय उपयोग. (वर्षानुवर्षं खेळून तिथे हाड वाढतं, त्याला फुटबॉलर्स अँकलच म्हणतात, ते नाही ना म्हणून एक्सरेही काढायला लावला, क्लीन आला.)

मॅन्युअल म्हणजे मालिश नव्हे बरं का, आणि कटकट आवाज पण नाही. टॅलसवर हाताची पकड घेऊन लयीत मागे दाब, थांबायचं, परत दाब. नंतर नडगीला खाली पट्टा घालून मॅडम तो पुढे ओढणार, हाताने टॅलस मागे धरून ठेवणार आणि मी त्याचवेळी गुडघा पुढे न्यायचा, हे न्यूझीलंडच्या ब्रायन मलिगनचं टेक्निक म्हणे. दुखलं तर लगेच थांबायचं हा नियम.

पहिल्याच दिवशी 6 चे साडेसात झाले, मी खुश, दोन दिवसांनी परत साडेसहा. मॅडम म्हणाल्या हे होणारच, हाताने मोकळं केलेलं तुम्ही वापरलं नाही तर परत आखडणार. मग होमवर्क, गुडघा वाकवून पोटरीचा स्ट्रेच, पायरीवरून टाच सावकाश खाली सोडणं. तक्रार एकच, एका पायावर बॅलन्सचे व्यायाम चौथ्या सेशनला सुरू केले, तीनदा मुरगळलेल्या माणसाला ते पहिल्या दिवसापासून द्यायला हवे होते असं माझं मत.

पाचपैकी चार स्टार. ताजा मुरगळला असेल आणि चार पावलंही टाकता येत नसतील तर इथे नको, आधी डॉक्टर आणि एक्सरे. माझं म्हणाल तर तीन आठवड्यात साडेनऊ झालंय, डाव्याशी दीड सेंमीचा हिशोब अजून बाकी आहे.