मॅट काळं ग्लेझ आणि खानापूरची लाल माती : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मृग लागला त्या आठवड्यात मॅट, म्हणजे बिनचमकीच्या, काळ्या ग्लेझची पाच किलोची पिशवी घरी आली. ग्लेझ म्हणजे मातीच्या भांड्यावर लावून भाजायचा काचेसारखा लेप. आता शिमगाही झाला. मधल्या काळात या ग्लेझच्या बावीस भट्ट्या काढल्या. सहाव्या भट्टीनंतर लिहायला बसले असते तर ‘घेऊ नका’ एवढंच लिहिलं असतं, म्हणून थांबले.

माझं काम बेळगावजवळच्या खानापूरच्या लाल मातीत. आमच्या तालुक्याची माती कौलांसाठी नावाजलेली. खादी ग्रामोद्योग आयोगाची सेंट्रल व्हिलेज पॉटरी इन्स्टिट्यूटही इथलीच. मातीत लोह भरपूर, भाजल्यावर पक्का विटकरी रंग येतो. चहाचे मग, वाट्या, दिवे, कुंड्या करते. बेळगावच्या एका उपाहारगृहाने काळे, अजिबात चमक नसलेले मग मागितले, तिथून हे सुरू झालं. ग्लेझ तयार पावडरचं, बिनशिशाचं, पिशवीवर १००० ते १०६० अंश सेल्सिअस लिहिलेलं. कंपनीचं नाव देत नाही, कारण मला आलेल्या बहुतेक अडचणी या जातीच्या कुठल्याही ग्लेझला येतील.

पहिल्या भट्टीतून मग निघाले ते ओल्या डांबरासारखे चकचकीत. वाटलं, ताप जास्त झाला. पुढची भट्टी १००० वर बंद केली. आता चमक गेली, पण हात फिरवला की खडूवरून फिरवल्यासारखं वाटे. चहा ओतला तर आत डाग राहिला, नखाने ओरखडा उठला. त्यातलाच एक मग परत १०४० ला भाजला, तर तो लखलखीत होऊन बाहेर आला. म्हणजे ती चमक गेलेली नव्हतीच, ग्लेझ अर्धंकच्चं राहिलं होतं. नव्याने हे ग्लेझ वापरणाऱ्यांची फसगत बहुधा इथेच होते. कच्च्या ग्लेझचं रूप मॅटसारखंच दिसतं, आणि भांडं गिऱ्हाइकाकडे गेल्यावर महिन्याभरात त्याचं खरं रूप कळतं.

उत्तर मिळालं ते कुंभार गल्लीतल्या मामांकडे. मामांनी आयुष्यात ग्लेझ लावलेलं नाही. माझे चकचकीत मग हातात फिरवून त्यांनी विचारलं, “भट्टी निवायला किती वेळ लागतो गं?” मी म्हटलं, बंद केली की तासाभरात अडीचशे अंश उतरते. “मग काय हुतंय? आवा निवला न्हाई तवर आम्ही तोंड उघडत न्हाई, बघ.”

आवा म्हणजे त्यांची मडक्यांची भट्टी. मामा बोलले ते मडकी तडकू नयेत म्हणून, पण माझ्या ग्लेझचं दुखणंही तेच होतं. वितळलेलं ग्लेझ झटकन थंड झालं की काच होते, गुळगुळीत आणि चमकदार. तेच सावकाश थंड झालं तर त्यातल्या कॅल्शियम, मॅग्नेशियमसारख्या घटकांना डोळ्यांना न दिसणारे बारीक स्फटिक धरायला वेळ मिळतो. पृष्ठभाग स्फटिकांनी भरला की उजेड चारी दिशांना विखुरतो आणि चमक जाते. माझी विजेची भट्टी लहान, विटा पातळ. स्फटिकांना तिच्यात सवडच मिळत नव्हती.

सातव्या भट्टीला रात्री बसले. १०४० पर्यंत चढवली, दहा मिनिटं तिथेच धरली, मग ९५० पर्यंत आपोआप उतरू दिली. तिथून ८०० पर्यंत रेग्युलेटर थोडा थोडा फिरवत ताशी साठ अंशांनी खाली आणली. म्हणजे अडीच तास पायरोमीटरवरून, भट्टीचा ताप दाखवणाऱ्या काट्यावरून, नजर हलवायची नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी झाकण उघडलं. पहिला मग उचलला तो मऊ लागला, नदीतल्या घासल्या गोट्यासारखा. खिडकीचा उजेड त्यावर पडत होता, पण खिडकी त्यात दिसत नव्हती. कडेला, जिथे थर पातळ होता, तिथे आतल्या मातीचं लोह वर येऊन तांबूस रेघ उमटली होती. त्या रेघेसाठी मी अजूनही मगची कड मुद्दाम ओल्या स्पंजने पुसून घेते.

भाद्रपदात एका रात्री भट्टी अशीच उतरवत असताना ८८० ला वीज गेली ती पहाटे आली. त्या भट्टीत कडेचे मग चकचकीत निघाले, मधले मॅट. ग्लेझ एकाच बादलीतलं, बुडवलंही एकाच हाताने. थंड होण्याच्या वेगाबद्दल माझ्या मनात उरलेली शंका त्या दिवशी गेली.

सगळ्यांना रात्री जागणं जमणार नाही, म्हणून दुसरी वाटही करून पाहिली. केओलिन, म्हणजे चिनी माती, मिसळली की ग्लेझमधलं ॲल्युमिना वाढतं आणि चमक कमी होते. शंभर ग्रॅमला पाच ग्रॅम कच्चं केओलिन घातलं, तर लेप वाळताना भेगाळला आणि भट्टीत आकसून त्याचे गोळे झाले. तेच केओलिन आधी भाजून घातलं तर हा त्रास झाला नाही. मॅट चांगलं येतं, पण सावकाश निवलेल्या भट्टीतला मऊपणा त्याला नाही.

टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडत होती, तो दोष ग्लेझचा नव्हता. मी बिस्क, म्हणजे ग्लेझ लावण्याआधीचं कोरं भांडं, ९५० ला भाजत होते, त्यामुळे मातीतला वायू ग्लेझच्या भाजणीत बाहेर पडे. आता बिस्क १०६० ला आणि ग्लेझ १०४० ला भाजते. भोकं जवळजवळ थांबली. बिस्क पाणी कमी पितं म्हणून ग्लेझ जरा दाट कालवावं लागतं, इतकंच.

आता खाण्यापिण्याचं. या काळ्या रंगात साधारणपणे कोबाल्ट, क्रोम, मँगनीज, लोह असतं. भाजलेल्या तुकड्यावर अर्धं लिंबू पालथं घालून रात्रभर ठेवलं. सकाळी तिथे फिकट राखाडी गोल होता, म्हणजे आंबट लागलं की हे ग्लेझ धुपतं. प्रयोगशाळेत ४ टक्के ॲसिटिक आम्लात २४ तास ठेवून नेमकी तपासणी होते, पण माझ्यापुरता लिंबाचाच निकाल पुरेसा होता. आमच्याकडे सोलकढी, चिंचेचं सार, ताक रोजचं. त्या दिवसापासून काळं फक्त बाहेरून, आत पारदर्शक ग्लेझ. उपाहारगृहालाही तसं स्पष्ट सांगितलं. ताटल्यांची मागणी गेली, मगची राहिली.

पारदर्शक ग्लेझ निवडताना एक चूक झाली. त्यात झिंक होतं. ओठाशी दोन्ही ग्लेझ एकावर एक आली तिथे काळ्याचं मातकट तपकिरी झालं, कारण काळ्या रंगातलं क्रोम झिंकला भेटलं की तपकिरी होतं. चाळीस मग गेले. पारदर्शक घेताना त्यात झिंक नाही ना, हे विचारूनच घ्या.

पावडर कालवताना मास्क लावाच, आणि सांडलेली झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. सिलिकाची धूळ फुप्फुसात गेली की परत निघत नाही.

घरात रोजच्या वापरात दोन मग आहेत. स्टीलचा चमचा लागला की काळ्यावर पेन्सिलीसारखी करडी रेघ उठते. ओरखडा नसतो तो, चमच्याचं धातू घासून बसलेलं असतं. खाण्याच्या सोड्याची ओली पेस्ट बोटाने चोळली की जातं. बोअरचं पाणी वाळलं की पांढरे ठिपके दिसतात, म्हणून धुतल्यावर लगेच पुसावं लागतं. तेलकट बोटं लगेच दिसतात. मात्र नऊ महिन्यांत ग्लेझला बारीक तडे गेलेले नाहीत आणि रंगही उतरलेला नाही.

ज्यांना फक्त काळं मडकं हवं, त्यांनी आधी धुराचा काळा बघावा. भट्टीच्या शेवटी पालापाचोळा, भुसा टाकून तोंड लिंपलं की कोंडलेल्या धुराचा कार्बन मातीत मुरतो. उत्तर प्रदेशातल्या निजामाबादची काळी भांडी याच रीतीची, त्यांना २०१५ साली भौगोलिक मानांकन मिळालं. यात ग्लेझ नाही, कोबाल्ट नाही. पण माती सच्छिद्र राहते, चहाच्या मगला ती चालत नाही.

पिशवीत किलोभर पावडर उरली आहे. नवी मागवणार आहे, पण आधी शंभर ग्रॅम नमुना घेऊन त्याच मातीवर, त्याच सावकाश उतारावर भाजून बघेन. उरलेल्या किलोत पाडव्याआधीची कुंड्यांची भट्टी होईल.