महाभूनकाशा: गट दिसतो, पूररेषा दिसत नाही

निफाड तालुक्यात नांदूर मधमेश्वरच्या पाणथळ जागेच्या, म्हणजे पक्षी अभयारण्याच्या काठाला घर, कंपाउंड किंवा शौचालयाची टाकी बांधायची तर लोक आधी महाभूनकाशा, म्हणजे राज्य सरकारचा जमिनीचा ऑनलाइन नकाशा उघडतात. सुरुवात म्हणून ते बरोबरच. तालुका, गाव निवडून गट नंबर टाकला की गटाचा आकार, शेजारचे गट, खातेदार फुकटात समोर येतात. एवढ्या कामाला सेवा उत्तम आहे.

घोळ होतो पुढे. त्याच नकाशाच्या प्रिंटवर पट्टी ठेवून बांधकामबंदीचे 50 मीटर मोजतात. नकाशा 1:10000 चा असेल तर पट्टीवरचा 1 मिलिमीटर म्हणजे जागेवर 10 मीटर. पेन्सिलची अर्धा मिलिमीटर रेघच 5 मीटर खाते. तेवढ्यात अख्खी सेप्टिक टाकी बसते.

आणि मोजायचं कुठून? पाणथळ जागांच्या 2017 च्या नियमांत पक्क्या बांधकामाला मनाई आहे ती नियम लागू होण्याआधीच्या दहा वर्षांच्या सरासरी उच्च पूरपातळीपासून 50 मीटरपर्यंत. आज दिसणाऱ्या पाण्याच्या कडेपासून नव्हे. सपाट काठाला 100 मीटरमागे 1 मीटर उतार असेल, तर पाणी 1 मीटर चढलं की कड 100 मीटर आत सरकते. मे महिन्यात टेप लावून 'साठ मीटर भरले' म्हणणाऱ्यांचं जोतं दारणा-गंगापूर धरणांचा विसर्ग वाढला की पाण्यात जातं. महाभूनकाशावर ना ही पातळी, ना अभयारण्याची हद्द. त्या हद्दीत तर वन्यजीव कायदा लागतो, म्हणून वनविभागाचं उत्तर लेखीच घ्यावं.

तेव्हा प्रिंट फक्त गट ओळखायला वापरा. ई-मोजणीचा, म्हणजे सरकारी मोजणीचा ऑनलाइन अर्ज करून हद्दीच्या खुणा पक्क्या करा, मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत घ्या. जलसंपदा विभागाकडे गट नंबर देऊन पूरपातळीची लेखी मागणी करा. ती पातळी ऑटो लेव्हलने (उंची मोजायच्या यंत्राने) बेंचमार्कवरून, म्हणजे ठरलेल्या उंचीच्या खुणेवरून, जागेवर आणून खुंटी ठोका आणि तिथून 50 मीटर टेप ताणून आडवे मोजा. उतारावर टेप जमिनीला टेकवला तर माप चुकतं. या रेषा प्लॅनवर दाखवल्याशिवाय बांधकाम परवानगीची फाइल देऊ नका.

मुरूम टाकून प्लॉट उंच केला की रेषा मागे जाते, हा समज सोडा. पाणथळ जागेत भराव टाकायलाच मनाई आहे. काळ्या मातीतला शोषखड्डाही पावसाळ्यात शोषत नाही, उलट टाकीत पाणी परत येतं.

महाभूनकाशाला दहापैकी सहा गुण. पूररेषेचा आणि अभयारण्याचा थर नकाशावर चढवला तर नऊ देऊ.