हवेची कयाक, आठ महिने वापरून: नर्मदेचं बॅकवॉटर आणि न मिळालेला पाना

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा. धडगाव तालुक्यात भूषा गावाच्या पुढे, नर्मदेच्या बॅकवॉटरच्या काठावर सकाळी तंबूतून बाहेर आलो आणि सवयीने कयाकची, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या माझ्या हवेच्या अरुंद नावेची, उजवी नळी अंगठ्याने दाबली. अंगठा पेरभर आत गेला. डावी दाबली, ती बरीच घट्ट. पंपाचा काटा लावून बघितला: डावी 2, उजवी 1. संध्याकाळी दोन्हींत 3 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरले होते. मोबाइलला रेंज नाही, समोर अलिराजपूरचे डोंगर, आणि परत पोचायला अख्ख्या दिवसाचं वल्हवणं. मी एकटाच होतो. आज लिहायला बसलोय ते त्या उजव्या नळीतल्या 1 मुळे.

दोन बाजूंच्या नळ्या, दाबाने ताठ होणारा सपाट तळ, खाली नाव सरळ ठेवणारं फिन, दोन तुकड्यांचं वल्हं, हे सगळं माहीत असेलच, त्यात वेळ घालवत नाही. ऑक्टोबरमध्ये 21,000 रुपयांना घेतली. माझ्यासारख्याला ही रक्कम लहान नाही, दोन वर्षं बाजूला टाकत होतो. घर दुसऱ्या मजल्यावर, चारचाकी नाही, त्यामुळे फायबरची कयाक घेण्याचा प्रश्नच नव्हता. ही 14 किलोची पिशवी पाठीवर टाकून धुळे स्टँडला जातो आणि एसटीत मागच्या सीटखाली सरकवतो. एका कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलं, बाकीच्यांनी नुसतं "काय आहे यात?" विचारलं.

पहिले तीन महिने तापीवरच हात बसवला. मुडावदला पांझरा तापीला मिळते तिथे, मग सारंगखेड्याच्या बॅरेजच्या वरच्या अंगाला. बॅरेजमुळे पाणी थोपलेलं असतं, ओढ जवळजवळ नाही, शिकायला उत्तम. डिसेंबरात दत्तजयंतीच्या यात्रेला घोडे बघायला सगळा जिल्हा लोटला होता आणि मी वरच्या बाजूला एकटा पाण्यात होतो. तेव्हा कोणी विचारलं असतं तर दहापैकी दहा गुण दिले असते. सीटचा मागचा पट्टा दर अर्ध्या तासाने ढिला होतो आणि वल्हं जड आहे, पण त्याची सवय होते.

त्याच डिसेंबरात वेड्या बाभळीचा काटा लागून डाव्या नळीला पहिलं पंक्चर झालं. सायकलचं रबर सोल्युशन लावून तुकडा चिकटवला, दोन दिवसांत साल निघावी तसा सुटून आला. ते सोल्युशन रबरासाठी असतं, पीव्हीसीवर धरत नाही. मग किटमधला पीव्हीसीचा गोंद काढला. जागा बारीक पॉलिश पेपरने हलकी घासली, पुसून कोरडी केली, दोन पातळ हात दिले, चिकट होईपर्यंत थांबलो, दाबून बसवला आणि चोवीस तास हवा भरली नाही. तो तुकडा आजही जागेवर आहे. म्हणजे कापड आणि शिवण यांच्याबद्दल माझी तक्रार नव्हती आणि नाही.

नर्मदेला मात्र मी पूर्ण तयारीने गेलो होतो. महाराष्ट्राच्या वाट्याला नर्मदा 54 किलोमीटरच येते, तीही हद्द म्हणून, आणि ती सगळी आता सरदार सरोवराच्या फुगवट्यात आहे. सप्टेंबर 2019 मध्ये धरण पहिल्यांदा 138.68 मीटरपर्यंत पूर्ण भरलं. आपल्या अक्कलकुवा आणि अक्राणीतली (म्हणजे धडगाव तालुक्यातली) तेहतीस गावं या पाण्याने बाधित झाली. काठाजवळ वठलेल्या झाडांचे शेंडे अजून पाण्याबाहेर दिसतात. पहिल्या दिवशी एका शेंड्याला धरून थांबलो, वाकून खाली बघितलं तर खोड हिरव्या अंधारात उतरत गेलेलं. कोणाच्या तरी बांधावरचं झाड असेल. तिथे मी बराच वेळ वल्हं मारलं नाही.

जायचं असेल त्यांनी गावच्या पोलीस पाटलांना आधी सांगावं, कुठे मुक्काम करणार तेही सांगावं. लाइफ जॅकेट अंगातून काढायचं नाही, काठावर स्वयंपाक करतानासुद्धा मी काढलं नाही. जलाशयात मगरी आहेत, म्हणून अंधार पडायच्या आत तंबू वर चढावर आणि भांडी घासायला पाण्यात उतरणं बंद. आरोग्य खात्याचा तरंगता दवाखाना याच पाण्यावरून पाड्यांना जातो, डिझेलच्या होड्याही जातात, त्यांची लाट अंगावर आडवी घेऊ नका, तोंड लाटेकडे करा.

सकाळी सात ते अकरा ही नाव सोन्यासारखी चालते. पाणी आरशासारखं, वल्ह्याचे थेंब पडल्याचा आवाज ऐकू येतो, ताशी चार किलोमीटर आरामात. दुपारी खोऱ्यातून वारा सुटला की हवेची नाव पानासारखी सरकते, कारण तिचं वजन नाही आणि अंग पाण्याच्या वर. तेव्हा फिनशिवाय सरळ जाणं अशक्य. पहिल्या दिवशी लाकडाच्या डुंगीतून जाळं काढणाऱ्या एका दादांनी सांगितलं होतं, "दुपारी वारा येईल, काठाने जा." त्यांचं ऐकलं म्हणून वाचलो.

तिसऱ्या दिवशी, त्या बसलेल्या नळीने परत निघालो. दर चाळीस-पन्नास मिनिटांनी काठाला लागायचं, कारण कंपनीचा पंप उभं राहून मारायचा आहे, नावेत बसून चालत नाही. फेब्रुवारीत पाणी बरंच उतरलेलं असतं, त्यामुळे पाणी आणि कोरडी जमीन यांच्यामध्ये काळ्या गाळाचा पट्टा, घोट्याच्या वर पाय रुतवणारा. त्यापलीकडे झुडपांचे काटे. नाव गाळातच ठेवून पंप मारायचा, पाय धुवायचे, पुन्हा बसायचं. सात वेळा हे केलं. शेवटच्या टप्प्यात नाव उजवीकडे कलून चालली होती आणि मी डावीकडे झुकून बसलो होतो. भूषाला पोचलो तेव्हा सूर्य डोंगरामागे गेला होता.

घरी आल्यावर कंपनीच्या सर्व्हिसला फोन. उत्तर मिळालं: थंडीने हवा आकसते, हे नॉर्मल आहे. हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त राग आला. हिशेब काट्यावरच्या आकड्यावर होत नाही, त्यात वातावरणाचा साडेचौदा पीएसआय मिळवावा लागतो, म्हणजे काट्यावरचे 3 हे खरे साडेसतरा. संध्याकाळी 28 अंश, पहाटे 12 अंश. केल्विनमध्ये, म्हणजे अंशांत 273 मिळवून, 301 वरून 285, सुमारे 5 टक्के घट; दाबही तेवढाच उतरतो. साडेसतराचे 5 टक्के जवळजवळ 1. तीनातून एक गेला, उरले दोन. डाव्या नळीत तेवढेच होते. थंडी दोन्ही नळ्यांना सारखी लागली, मग उजवीतला जास्तीचा 1 कुठे गेला? हे सगळं लिहून, काट्याचे फोटो जोडून मेल पाठवला. अकरा दिवसांनी उत्तर: साबणाच्या पाण्याचा व्हिडिओ पाठवा. पाठवला. शिवणीवर एकही बुडबुडा नाही. मग उत्तर: नाव कुरिअरने पाठवा, जाण्यायेण्याचा खर्च तुमचा, व्हॉल्व्ह बदलायचे 1,800 वेगळे. वॉरंटी व्हॉल्व्हला लागू नाही म्हणे. ज्या भागाने हवा धरून ठेवायची तोच वॉरंटीत नाही, हे मला आजही पटत नाही.

मार्चमध्ये नाव गुंडाळून पडली होती. एका रविवारी हवा भरून, पाठीवर धरून, गल्लीच्या तोंडाच्या सायकल पंक्चरवाल्या काकांकडे नेली. त्यांनी साबण मागितला नाही, पाणी मागितलं नाही. बोटावर थुंकी घेतली आणि व्हॉल्व्हच्या कडेने गोल फिरवली, जशी सायकलच्या व्हॉल्व्हला लावतात. मध्ये काही नाही. कडेला, जिथे व्हॉल्व्हची चकती कापडाला भिडते, तिथे मोहरीएवढा एक बुडबुडा आला, फुटला, पुन्हा आला. माझ्या व्हिडिओत मी शिवणी दाखवल्या होत्या, व्हॉल्व्हची कड नाही.

"भाऊ, नळी फुटेल नई शे. आटा ढिला शे." म्हणजे नळी फुटलेली नाही, आटा ढिला आहे.

व्हॉल्व्ह दोन भागांचा असतो, एक कापडाच्या आत, एक बाहेर, मध्ये कापड आवळलेलं. ऊन-थंडीने आणि गुंडाळून ठेवल्याने आटे सैलावतात, ते अधूनमधून आवळायचे असतात. त्यासाठी खाचांचा एक प्लास्टिकचा पाना लागतो. मी पिशवी उलटी करून झाडली. पाना नव्हता. माहितीपत्रकात त्याचा उल्लेखही नव्हता. 21,000 च्या वस्तूसोबत कप ठेवायची जाळी दिली, मोबाइलचं पाकीट दिलं, आणि ज्यावर एकट्या माणसाचा जीव आहे तो पाना दिला नाही.

काकांनी नळाच्या पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा घेतला, करवतीने टोकाला खाचा पाडल्या, कानशीने दात घासून व्हॉल्व्हच्या आतल्या कड्यांशी जुळवले. तीनदा घालून बघितला, तीनदा पुन्हा घासला. मग नळीतली हवा काढून मी कापडावरून आतला भाग घट्ट धरला आणि त्यांनी पाव वेढा आवळला. वीस रुपये घेतले. रात्रभर काटा लावला: डावी आणि उजवी, दोन्ही सारख्या उतरल्या.

त्यामुळे मत बदलतोय. मेलमध्ये मी या नावेला "निकृष्ट" म्हटलं होतं, तो शब्द मागे घेतो. नाव चांगली आहे. सर्व्हिसबद्दलचं मत मात्र तेच आहे, कारण पाव वेढ्याचं काम त्यांना फोनवर सांगता आलं असतं.

उन्हाळ्याचं आपल्याकडच्यांसाठी वेगळं सांगतो. पहाटे 12 अंशाला 3 भरलेली नळी 40 अंशाला पावणेपाचाच्या आसपास जाते, आणि कापड तापलं की त्याहून वर. पाण्यात असेपर्यंत पाणी तिला थंड ठेवतं. काठावर ओढली की आधी थोडी हवा सोडा, मगच जेवायला बसा. मे महिन्यात मी ती पत्र्याच्या खोलीत ठेवलीच नाही, पलंगाखाली सैल गुंडाळून ठेवली.

घ्यायची असेल तर दुकानात पिशवी उघडायला लावा आणि पाना दाखवा म्हणा. माझा पाइपचा तुकडा आता सुतळीने सीटच्या पट्ट्याला बांधलेला असतो. दसऱ्यानंतर, पाणी भरलेलं असताना, पुन्हा भूषाला जाणार आहे. तेव्हा काठाला गाळ नसेल, आणि त्या डुंगीवाल्या दादांना भेटून उजव्या बाजूचं काय झालं ते सांगायचंय.